पिस्टनवरच्या खुणा आणि एक कडक झालेले सील

डर्ट ट्रॅकसाठी (कच्च्या मातीवरच्या शर्यतीसाठी) तयार केलेल्या माझ्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटारसायकलचे इंजिन गेल्या महिन्यात माळावरच्या सरळ पट्ट्यात, थ्रॉटल पूर्ण उघडे असताना जाम झाले. आवाज आधी किंचित पातळ झाला, मग कोणी मागून धरल्यासारखी गाडी अडखळली आणि मी क्लच दाबेपर्यंत मागचे चाक घसटत गेले. इंजिन निवल्यावर किक पुन्हा फिरू लागली, तेव्हा बरोबरच्या मंडळींनी जागेवरच निदान केले : ऑइल कमी पडले.

मला ते पटेना. इंजिनला आपोआप ऑइल पुरवणारा ऑटोल्यूब पंप काढल्यापासून मी पेट्रोलमध्येच लिटरमागे ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल स्वतः मोजून घालतो. शिवाय ऑइल जास्त घातले की इंजिन सुरक्षित, हा समज अर्धाच खरा आहे, कारण कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा तेवढाच घटतो आणि इंजिन उलट लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालते आणि जास्त तापते.

हेड उतरवले तेव्हा स्पार्क प्लगचे टोक पांढरेफटक होते आणि त्यावर अॅल्युमिनियमचे बारीक ठिपके चिकटले होते. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूलाच उभे, खोल ओरखडे होते, तिथल्या रिंगा पसरलेल्या धातूखाली दबल्या होत्या आणि इनटेककडच्या अंगावर मात्र कारखान्यातल्या बारीक रेषा अजून शाबूत होत्या. थंड इंजिन ताणल्यास खुणा सहसा पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या दांड्याच्या) आजूबाजूला चार ठिकाणी उमटतात. ऑइल संपल्यास ओरखडे सगळीकडून येतात आणि पिनचे बेअरिंग कोरडे पडून निळसर होते. माझे बेअरिंग बोटाला तेलकट लागत होते. म्हणजे ऑइल पोहोचत होते, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जात होती.

कार्ब्युरेटरचा मेन जेट स्वच्छ होता, फ्लोटची पातळी योग्य होती, टाकीच्या कॉकमधून पेट्रोल धो-धो येत होते. मग आठवले की दोन आठवडे थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम लगेच उतरत नव्हता आणि मी कारण न शोधता आयडलचा (थ्रॉटल सोडल्यावरचा वेग ठरवणारा) स्क्रू सैल करून तो खाली आणला होता. सांगायलाही लाज वाटते.

टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधून जाते, म्हणून तिथून हवा गळते का ते पाहायला जुनाच सिलिंडर पुन्हा बसवून इनटेक आणि एक्झॉस्ट सायकलच्या ट्यूबचे रबर व पट्ट्या लावून बंद केले, जुन्या प्लगच्या पोकळ कवचात नळी बसवली आणि घरातल्या रक्तदाबाच्या यंत्राच्या फुग्याने ३०० मिमीपर्यंत, म्हणजे साधारण ६ पीएसआय, हवा भरली. मिनिटभरात काटा शून्यावर आला. साबणाचे पाणी सिलिंडरखालच्या बेस गॅस्केटवर आणि इनटेकच्या रीड व्हॉल्व्हच्या जोडावर टाकले, तिथे काहीच नाही. क्रँकच्या एका टोकावरचे, ठिणगीसाठी वीज देणारे मॅग्नेट काढल्यावर मात्र त्यामागच्या क्रँकच्या रबरी सीलच्या ओठाशी टपोरे बुडबुडे फुगू लागले. तो ओठ नखाने दाबला तरी वाकत नव्हता. क्लचकडचे सील गेले असते तर गिअर ऑइल आत ओढले जाऊन पांढरा धूर दिसला असता. ही बाजू कोरडी असल्यामुळे पिस्टन वर जाताना तिथून नुसती हवा शिरते आणि धूर काही दिसत नाही.

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बोअर करून नवा पिस्टन घालायला सांगितले होते. तसे केले असते तर तोही पिस्टन गेला असता. आता दोन्ही सील बदलली, मग सिलिंडरची स्लीव्ह ०.५० मिमी ओव्हरसाइजला बोअर केली, त्या मापाचा पिस्टन घातला आणि चाचणी पुन्हा घेतली : सहा मिनिटे काटा हलला नाही. गाडी सुरू केल्यावर आयडलचा स्क्रू मात्र पुन्हा आत फिरवावा लागला, तेव्हा कुठे इंजिन टिकून राहिले.