मी पहाटे निघतो, तो तिथेच राहतो

मी गावोगाव संमोहनाचे जाहीर प्रयोग करतो. नव्या गावात उतरलो की मी आधी सभागृह गाठतो. आंघोळ, जेवण, झोप सगळं नंतर. प्रयोग रात्रीचा असला तरी रिकामा रंगमंच दुपारीच पाहिलेला बरा. फळ्या कुठे दबतात का, मंचाची कड झोतात नीट दिसते का, माइकची वायर कुठून नेली आहे, खुर्च्या डगमगतात का. तंद्रीतला माणूस सैल पडतो, शेजारच्याच्या खांद्यावर कलतो, कधी खुर्चीवरून घसरतोही. म्हणून खुर्च्या कडेपासून चांगल्या आत, एकमेकींना चिकटून. संयोजकांना त्या पुढे हव्या असतात, लोकांना चेहरे दिसावेत म्हणून. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

कुठे कॉलेजचं स्नेहसंमेलन, कुठे निवृत्तांचा मेळावा, कुठे कारखान्यातल्या लोकांचा कौटुंबिक कार्यक्रम. प्रेक्षक दर मुक्कामी निराळे, पण ते एकमेकांना ओळखणारे असतात. त्यांच्यातले हिशेबनीस मंचावर चढले की मागच्या रांगांतून त्यांच्या नावाचा गजर होतो, शिट्ट्या पडतात. अनोळखी गर्दीत असा हशा पिकत नाही. पण खरी जोखीम इथेच आहे. पहाटे मी पुढच्या गाडीत बसलेला असतो. हिशेबनीस मात्र सकाळी त्याच टेबलाशी, त्याच माणसांत जाऊन बसणार असतात. काल रात्री त्यांच्याकडून मी काय करवून घेतलं, ते त्यांना तिथे निभवायचं असतं.

माझ्या सूचना यावरूनच ठरतात. थंडी वाजते आहे, हातात न दिसणारं वाद्य आहे, सातचा आकडा आठवणीतून गेला आहे आणि बोटं मोजताना अकरा भरताहेत. एवढ्यावर सभागृह डोक्यावर घेतलं जातं. कुणाला रडवणं, बालपणात मागे नेणं, घरातलं गुपित बोलायला लावणं माझ्या प्रयोगात नाही. दोन खुर्च्यांवर माणूस आडवा ताठ ठेवून त्याच्यावर दुसऱ्याला उभं करण्याचा जुना खेळ अजून मागितला जातो. तसं ताठ राहणं धडधाकट माणसाला संमोहनाशिवायही जमतं, आणि वरच्याचं वजन खालच्याच्या मणक्याने पेलायचं असतं. मी स्पष्ट नाही म्हणतो. लहान मुलांनाही मंचावर घेत नाही. ब्रिटनमध्ये स्टेजवरच्या संमोहनाला १९५२ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि तिथे १८ वर्षांखालच्यांना संमोहित करायला बंदी आहे. असा नियम कुठे नसला तरी तो मी माझ्यापुरता पाळतो.

प्रयोगाचा निम्मा भाग निवडीतच असतो. सगळ्या सभागृहाला हात गुंफायला सांगतो, डोळे मिटायला सांगतो, बोटं सुटत नाहीत अशी सूचना देतो. कुणाचे हात सहज सुटतात, कुणी हसत सोडवतो, आणि काहींची बोटं खरोखरच अडकून बसतात. खोल प्रतिसाद देणारी माणसं ढोबळमानाने शंभरात दहा-पंधरा, जवळपास तितकीच अजिबात दाद न देणारी, बाकीची अधलीमधली. हे प्रमाण लक्षात असलं की मंचावर आलेल्यांतल्या निम्म्यांना सन्मानाने परत पाठवताना मन खट्टू होत नाही.

गोव्यातल्या मुक्कामात मी आवर्जून पणजीला संमोहनाचे पूर्वसूरी आबे फारिया यांचा पुतळा पाहायला गेलो. मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाशेजारी तो १९४५ पासून उभा आहे. खाली कलती स्त्री, तिच्यावर रोखलेले फारियांचे दोन्ही हात. शिल्प विलक्षण आहे. पण फारियांचं म्हणणं या मुद्रेच्या अगदी उलट होतं. कांदोळीत जन्मलेला हा धर्मगुरू १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करायचा आणि सांगायचा की माझ्या अंगातून कुठलंही चुंबकत्व वाहत नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं. त्या पुतळ्यासमोर मी खूप वेळ उभा होतो. माझ्या धंद्याचा सगळा प्रामाणिकपणा त्या एका सांगण्यात आहे. माणसाच्या अंगातून चुंबकत्व वाहतं असं मानणाऱ्या मेस्मरच्या पंथाचा पगडा तेव्हा अजून होता. तेव्हा असं बोलायला धाडस लागत होतं.

फिरत्या खेळवाल्यांकडे विद्वान नाक मुरडतात, तेव्हा मला मँचेस्टर आठवतं. १८४१ मध्ये तिथे लाफाँतेन नावाच्या, त्याच चुंबकत्वाचे खेळ करणाऱ्या फिरत्या माणसाचा प्रयोग झाला. प्रेक्षकांत जेम्स ब्रेड हा शल्यविशारद होता, शंका घेऊन आलेला. समोरच्या माणसाच्या पापण्या खरोखरच उघडत नाहीत हे त्याच्या नजरेत भरलं. घरी जाऊन त्याने स्वतः प्रयोग केले आणि संमोहनाचा शास्त्रीय अभ्यास मार्गी लागला. त्याची सुरुवात एका फिरत्या प्रयोगातून झाली, याचा मला अभिमान आहे.

प्रयोग संपवताना घाई चालत नाही. दिलेली प्रत्येक सूचना नाव घेऊन काढून टाकायची, प्रत्येकाला जागं करायचं, डोळ्यांत पाहून दोन शब्द बोलायचे. संयोजक आभारप्रदर्शनासाठी माइक मागत असले तरी हे आधी. मग विंगेत माणसं गाठतात. एखाद्या काकू विचारतात, “रात्र रात्र झोप लागत नाही हो, तुम्ही काही कराल का?” कुणाला सिगारेट सोडायची असते. मी सांगतो, “काकू, मी खेळ करतो, उपचार नाही. डॉक्टरांना दाखवा.” त्यांचा चेहरा उतरतो, तरी हेच सांगावं लागतं. उद्या इथे नसणाऱ्या माणसाने कुणाचं दुखणं अंगावर घेऊ नये.

आणि परत पाठवलेल्यांपैकी कुणीतरी येतोच: “माझ्यावर का नाही चाललं?” माणूस संमोहनाला किती दाद देतो हे गुण देऊन मोजता येतं; स्टॅनफर्ड विद्यापीठात असे तपासलेल्या काही लोकांना २५ वर्षांनी पुन्हा तपासलं, तर त्यांचे गुण बरेचसे पूर्वीसारखेच भरले, हे मी त्याला सांगतो. कमी गुण म्हणजे मन कमकुवत नाही आणि जास्त म्हणजे भोळेपणा नाही. तो पुढचं विचारतो, मी उत्तर देतो, आणि सभागृहाचा माणूस दिवे बंद करायला येईपर्यंत आमचं बोलणं चालतं.