आधी नासिलाई, मग नौसोरी

फिजीतल्या रेवा प्रांतात भारतीय उच्चायुक्तांचा सदिच्छा दौरा आखायला बसलो तेव्हा राजशिष्टाचार विभागात पहिल्यांदा भरती-ओहोटीचा तक्ता मागवला. राजधानी सुवाहून नौसोरीच्या पुलापलीकडे नाकेलोच्या धक्क्यापर्यंत गाडी जाते. पुढे नासिलाई गावापर्यंत होडी. खारफुटीतल्या फाट्यांचं पाणी ओहोटीला उतरतं आणि होडीचा पंखा गाळात अडकतो. त्यामुळे जाणं-येणं दोन्ही भरतीच्या हिशोबाने, आणि मध्ये दोन तास मोकळे ठेवायचेच.

नासिलाई आधी आणि नौसोरीचे भारतवंशीय नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला होता. 11 मे 1884 च्या रात्री कलकत्त्याहून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, घेऊन आलेलं 'सीरिया' हे शिडाचं जहाज इथल्या प्रवाळावर फुटलं. जहाजावर 497 प्रवासी होते. 59 जीव गेले. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आधी याच गावात आणलं होतं. भारताचा प्रतिनिधी नौसोरीत गेला की आपल्याच माणसांत जातो. ज्यांच्या भूमीवर ही माणसं उतरली, त्यांचा मान पहिला.

निरोप जातो तो पायरीपायरीने. फिजीच्या परराष्ट्र मंत्रालयाला नोट व्हर्बाल, म्हणजे औपचारिक राजनैतिक पत्र, तिथून प्रांत कार्यालय, मग गावचा 'तुरांगा नी कोरो', म्हणजे गावप्रमुख. थेट गावात फोन केला तर मधल्या सगळ्यांचा अवमान होतो. रविवार प्रार्थनेचा, तो वगळायचा. गावात मयत झालं असेल तर तारीख बदलायची, हेही आधीच कबूल करून ठेवायचं.

पाहुण्याने गावात पाय ठेवताना करायचा विधी म्हणजे सेवुसेवू. त्याला यांगोना लागते, तीच कावा; तिची मुळं कुटून पाण्यात कालवून पितात. सुवाच्या मंडईत वरच्या मजल्यावर ती मिळते. साध्या पाहुण्याला अर्धा किलो पुरते. उच्चायुक्तांसाठी आम्ही मोठी जुडी बांधून घेतली. अखंड मुळंच घ्यायची, त्यांना 'वाका' म्हणतात. पुडीतली पूड रोज पिण्यासाठी ठीक, विधीत शोभत नाही.

वेशीपाशीच टोप्या, गॉगल उतरवायचे आणि खांद्यावरची पिशवी हातात घ्यायची. सुरक्षारक्षकांना हे आदल्या दिवशीच सांगावं लागतं, कारण काळा चष्मा त्यांच्या सवयीचा असतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चपला बाहेर ठेवून चटईवर मांडी घालून बसायचं, पाय समोर पसरायचे नाहीत.

उच्चायुक्त स्वतः बोलत नाहीत. पाहुण्यांच्या वतीने इतौकेई, म्हणजे मूळ फिजीवासीयांची, भाषा जाणणारा माणूस बोलतो आणि जुडी समोर चटईवर ठेवतो. यजमानांकडचा 'मातानिवानुआ', म्हणजे त्यांच्या वतीने बोलणारा, ती उचलून स्वीकारतो. मग 'तानोआ' या मोठ्या लाकडी वाडग्यात यांगोना कालवतात. तानोआला कवड्या गुंफलेली दोरी असते. तिचं टोक मुख्य पाहुण्याकडे केलेलं असतं आणि ती ओलांडायची नाही. पहिली करवंटी मुख्य पाहुण्याला, दुसरी त्याच्या वतीने बोलणाऱ्याला. म्हणून ही दुसरी व्यक्ती कोण, ते आधीच ठरलेलं हवं. ऐन वेळी दोघे हात पुढे करतात आणि अवघडल्यासारखं होतं. ओंजळीसारखे हात करून एक टाळी, 'बुला' म्हणायचं, एका दमात रिकामी करायची, मग तीन टाळ्या. जीभ थोडी बधिर होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सगळ्यात जास्त घोटाळे छायाचित्रकारांकडून होतात. बसलेल्या ज्येष्ठांच्या डोक्यांवरून उभं राहून फोटो काढणं हा तिथे उघड अपमान आहे. 'तुलोऊ' (माफ करा) म्हणून वाकून पुढे जायचं, बसूनच फोटो घ्यायचा. आमच्या छायाचित्रकाराने सगळा विधी गुडघ्यांवर बसून टिपला. गावातल्या ज्येष्ठांनी नंतर त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली, हे मला फार मोलाचं वाटलं.

भाषणात 'सीरिया'चा विषय उच्चायुक्तांच्या आधी यजमानांनीच काढला. मग यांगोनाची दुसरी फेरी सुरू झाली. पाणी उतरू लागल्याचा इशारा होडीवाल्याने दिला, पण फेरी पूर्ण होईपर्यंत कुणी उठलं नाही. मोकळे ठेवलेले दोन तास ते याचसाठी. एका दिवसात चार गावं उरकणारा दौरा मला कधीच पटलेला नाही.

नौसोरीत 1882 पासून 1959 पर्यंत साखर कारखाना होता, त्यामुळे आसपास गिरमिटियांची जुनी वस्ती. सनातन, आर्य समाज, दाक्षिणात्यांचा संगम, मुस्लिम लीग अशा संस्था वेगवेगळ्या आहेत. एकाच मंदिरात कार्यक्रम ठेवला तर बाकीचे दुरावतात, म्हणून शाळेचं सभागृह घेतलं. जेवण शाकाहारी. भाषण सोप्या हिंदीत, कारण संस्कृतप्रचुर हिंदी फिजी हिंदी बोलणाऱ्याला परकी वाटते.

खरी गर्दी वाणिज्यदूत अधिकाऱ्याच्या टेबलाशी झाली. भारतातलं मूळ गाव शोधायला लोक पणजोबांच्या एमिग्रेशन पासच्या, म्हणजे देश सोडतानाच्या परवान्याच्या, प्रती घेऊन येतात. मूळ नोंदी सुवाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पासवर जहाज, वर्ष, बापाचं नाव, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण असं सगळं असतं. अडचण गावाच्या नावाची. कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलेलं, आणि मधल्या काळात जिल्ह्यांच्या सीमाही बदललेल्या. नुसतं गाव शोधून हाती काही लागत नाही. आधी जुना जिल्हा आणि ठाणं पक्कं करायचं, मग त्या ठाण्यातली मिळत्याजुळत्या उच्चाराची गावं काढायची. प्रत्येकाकडून पासची स्वच्छ प्रत, कुटुंबाची वंशावळ आणि पत्ता घेऊन पोच दिली. नासिलाईच्या आभारपत्रासोबत छापील फोटो त्याच आठवड्यात प्रांत कार्यालयामार्फत रवाना केले.