मावशीची काख आणि सोनोग्राफी

गाठ स्तनात, मग सोनोग्राफी काखेची कशाला? पिंपळगावहून नाशकात येईपर्यंत मावशीचं हेच चाललं होतं. कॉलेज रोडच्या सेंटरमधल्या डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनच आमच्याकडे वळवली. स्तनातला कॅन्सर पसरला तर बहुधा आधी काखेतल्या लसीका ग्रंथींत, म्हणजे शरीरातल्या गाळणीसारख्या बारीक गाठींत, जातो. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी दिसते, मधे पांढरी चरबी, भोवती पातळ काळी कड. ही कड ३ मिलीमीटरहून जाड झाली किंवा चरबी दिसेनाशी झाली की संशय घ्यायचा आणि सोनोग्राफीत बघत सुईने नमुना काढायचा.

मावशीच्या नमुन्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या. आधी केमो ठरली. पण त्याआधी त्याच ग्रंथीत, सोनोग्राफीखालीच, धातूची बारीक क्लिप बसवली. केमोने ग्रंथी आकसली तरी सर्जनला नेमकी तीच सापडायला हवी ना! पूर्वी सरसकट काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढत, आणि मग कित्येकींचा हात सुजायचा. द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या बाईचा हात सुजणं म्हणजे काय, हे शहरातल्यांना समजावून सांगावं लागतं.

मिलानमधल्या डॉक्टरांनी रुग्णांवर केलेल्या 'साउंड' नावाच्या अभ्यासाचे निकाल २०२३ मध्ये आले. गाठ २ सेंटीमीटरपर्यंत आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असलेल्या बायकांत, ग्रंथी न काढताही ५ वर्षांनी निकाल तितकेच चांगले होते. मावशी त्यात बसत नाही, पण तुमच्या घरात कुणी बसत असेल तर सर्जनना जरूर विचारा.

क्लिपचे पैसे वेगळे लागले. मावशीने बिलावर बोट ठेवलं, "ऑपरेशननंतर ती आपल्याला परत देतात का गं?"