लिस्बनहून मालिंदी, वाटेत वसईचं जहाज

नैरोबीत राहणाऱ्या मराठी माणसाला "परत कधी येणार?" हा प्रश्न दोन्हीकडून ऐकावा लागतो. पुण्याचे नातेवाईक विचारतात ते भारतात परतण्याबद्दल. सुट्टीला निघताना शेजारी विचारतात ते नैरोबीत परतण्याबद्दल. या वेळी सुट्टी पोर्तुगालला काढली आणि परत येताना घरी न थांबता तडक केनियाचा किनारा गाठला. हे दोन टोकांचे प्रवास जोडूनच करावेत, असं माझं ठाम मत झालंय.

लिस्बनबद्दल थोडक्यात. बेलेम भागात जायला 15 नंबरची ट्राम पकडा, सोमवार टाळा, कारण त्या दिवशी जेरोनिमोस मठ बंद असतो. मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर आहे. तो वारला 1524 मध्ये कोचीला, पुरलाही तिथेच. अस्थी पोर्तुगालला नेल्या 1539 मध्ये. नदीकाठी 1960 साली उभारलेलं दर्यावर्दींचं भलंमोठं स्मारक आहे आणि त्याच्यासमोर फरशीवर जगाचा नकाशा. हा नकाशा दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या वर्णद्वेषी सरकारने भेट दिलेला. पोर्तुगीज कुठे कधी पोचले त्याची सालं त्यावर कोरली आहेत. आमचा पूर्व आफ्रिकेचा किनारा त्यात टीचभर जागेत आटोपतो. पर्यटक त्यावर उभे राहून फोटो काढतात. मीही काढला.

आता केनिया. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. ती सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, मधले दलाल उगाच जास्त पैसे उकळतात. पिवळ्या तापाची लस मात्र विसरू नका. केनियाहून भारतात परतताना तिचा दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, तेही सहा दिवसांपर्यंत. लस निघण्याआधी किमान दहा दिवस, अधिकृत केंद्रातच घ्यावी. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. प्लास्टिकच्या पिशव्यांना 2017 पासून बंदी आहे, तेव्हा बॅगेतला खाऊ कापडी पिशव्यांत भरा. किनाऱ्यावर मलेरिया आहे. गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

नैरोबी ते मोंबासा रेल्वेनेच जा. नवा मार्ग 2017 मध्ये सुरू झाला, जवळपास पाच-सहा तास लागतात. स्टेशनवर सामान ओळीत मांडायला लावतात आणि कुत्रे हुंगून जातात, म्हणून तासभर आधी पोचा. जाताना उजवीकडची खिडकी मागा. आकाश स्वच्छ असेल तर किलिमांजारो दिसतो. त्सावो अभयारण्यातले मातीने लाल झालेले हत्ती दोन्ही बाजूंना दिसू शकतात. जुनी रेल्वे 1896 पासून इंग्रजांनी हिंदुस्थानातून आणलेल्या तीसेक हजार मजुरांकडून बांधून घेतली, आणि त्यातले अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले. नव्या गाडीच्या थंडगार डब्यात बसून हे आठवलं की चहा जरा कडू लागतो.

मोंबासात फोर्ट जीझसला अर्धा दिवस ठेवा. बहुतेक लोक तासाभरात उरकतात, बुरुजावरून समुद्र बघतात आणि जातात. किल्ला पोर्तुगीजांनी 1593 ते 1596 मध्ये बांधला. आराखडा करणारा काइराती हा इटालियन होता, पण नोकरी गोव्याच्या व्हाइसरॉयची. मोंबासाचा कारभार गोव्यातूनच चाले. खरी गंमत आतल्या संग्रहालयात आहे. ओमानी अरबांनी 1696 च्या मार्चमध्ये किल्ल्याला वेढा घातला आणि तो 1698 च्या डिसेंबरपर्यंत चालला. मदतीला आलेलं एक जहाज 1697 मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी बुडालं. नाव 'सांतु आंतोनियु द तान्ना'. तान्ना म्हणजे आपलं ठाणं, आणि जहाज बांधलेलं वसईला! 1977 ते 1980 या काळात पाणबुड्यांनी त्याच्यावर उत्खनन केलं, त्यातल्या वस्तू इथे मांडल्या आहेत. मी वसईचा किल्ला कितीदा पाहिलाय, पण तिथल्या गोदीतली बोट मोंबासात बुडाल्याचं तिथे कधी ऐकलं नव्हतं. लिस्बनच्या नकाशावर तर हे असायचं काही कारणच नाही. त्याला पोचण्याची सालं हवी असतात, बुडण्याची नव्हे.

मोंबासाहून मालिंदीला मटाटूने, म्हणजे इथल्या शेअर मिनीबसने, दोन-अडीच तास. वेळ विचारताना सावध राहा. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात, "दोन वाजता" म्हणजे सकाळचे आठ असू शकतात. वाटेत गेडीचे अवशेष आहेत, तिथे नक्की उतरा. प्रवाळाच्या दगडात बांधलेलं हे स्वाहिली शहर सतराव्या शतकात ओस पडलं. 2024 मध्ये दिल्लीत भरलेल्या बैठकीत त्याला जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. चिनी मातीची भांडी तिथे सापडली आहेत. म्हणजे कुठल्याही स्मारकाने साल कोरायच्या आधीपासून इथे व्यापार जोरात होता.

मालिंदीचा वास्को द गामा स्तंभ बघायला पाच मिनिटं पुरतात. खरं सांगायचं तर तो अगदीच साधा आहे. पण तिथे उभं राहून परतीची गोष्ट आठवावी. एप्रिल 1498 मध्ये मालिंदीच्या राजाने दिलेला वाटाड्या घेऊन गामा निघाला आणि महिन्याच्या आत कालिकतला पोचला. परतताना मात्र कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या सुरुवातीला, परतीचे वारे सुरू होण्याआधीच, निघाला. तीन महिने समुद्रात गेले, हिरड्या सुजून तीसेक माणसं मेली. जानेवारी 1499 मध्ये मालिंदीला लागल्यावर आजाऱ्यांसाठी आधी संत्री मागवली गेली. पुढे माणसंच कमी पडल्याने एक जहाज त्यांनी जाळून टाकलं.

वाऱ्याचा तो हिशेब प्रवाशांनाही लागू आहे. एप्रिल-मे टाळा, मोठा पाऊस असतो. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र निवळ असतो, उकाडा मात्र घामाघूम करतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा सुखाची, पण किनाऱ्यावर शेवाळ येतं. नाताळात नैरोबीचे अर्धे लोक किनाऱ्यावर उतरतात, त्या आठवड्याचं रेल्वेचं तिकीट बुकिंग सुरू होताच काढा. आणि हो, संत्री मालिंदीच्या बाजारात अजूनही मिळतात, पण आंबे जास्त चांगले.