केस विकत घेणारं गाव

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या सीमेला लागून, माइरा नावाचं खोरं आहे. त्या खोऱ्यात एल्वा हे गाव आणि एल्वात एक संग्रहालय. केसांचं. माणसांच्या डोक्यावरच्या केसांचं. या सगळ्या पायी प्रवासाबद्दल लिहायला बसले ती त्या संग्रहालयामुळे, त्यामुळे बाकीच्या दिवसांना इथे फारशी जागा मिळणार नाही.

ताई आणि मी जूनच्या शेवटी गेलो. तुरिनहून रेल्वेने कुनेओ, तिथून बसने द्रोनेरो. गावात शिरताना माइरा नदीवरचा 1428 सालचा दगडी पूल लागतो आणि तिथूनच खोरं अरुंद होत जातं. आमचा गट लहान होता आणि गाइड याच खोऱ्यात वाढलेली, चाळिशीची बाई. रोज एका गावातून निघायचं, चालत दुसऱ्या गावी मुक्कामाला जायचं. मोठ्या बॅगा गाडीने पुढे जात, पाठीवर फक्त पाणी, रेनकोट आणि दुपारचं खाणं. ओझं स्वतः वाहिल्याशिवाय ट्रेक होत नाही असं मानणारे मित्र मला आहेत. मला ते पटत नाही. ताईचे गुडघे साठीचे आहेत, आणि ती शेवटपर्यंत चालली ती याच सोयीमुळे.

इथे मोठी स्की केंद्रं कधी झाली नाहीत. 1990 च्या सुमारास गावागावांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा साफ करून, खुणा रंगवून त्यांची एक मोठी फेरी बांधली गेली. तिला ‘पेर्कोर्सी ओच्चितानी’, म्हणजे ‘ऑक्सितान वाटा’, म्हणतात. वाटा शिखरांकडे धावत नाहीत. बाजाराला, चर्चला, शाळेला, शेजारच्या गावच्या लग्नाला माणसं आणि खेचरं जायची त्या या वाटा. ऑगस्टमध्ये डोलोमाइट्सच्या नावाजलेल्या वाटांवर रांगेत चालावं लागतं. इथे दुपारपर्यंत एखादं जर्मन जोडपं भेटलं तर भेटलं.

स्त्रोप्पोहून एल्वाला जाताना आधी खडकावर एकटंच उभं असलेलं सान पेयरे चर्च लागतं, मग लार्चच्या झाडीतून चढ, 1,872 मीटरवरची सान जोव्हान्नीची खिंड आणि पलीकडे उतार. चढ दमवतो, पण राजगडाच्या गुंजवणे वाटेची सवय असलेल्याला जड नाही. वाटेत वाड्या लागतात. दगडी भिंती, वर पाटीच्या दगडाची जाड छपरं. काही घरं नीट दुरुस्त केलेली, कितीतरी घरांचं छप्पर आत कोसळलेलं आणि चुलीच्या जागी खाजऱ्या पानांचं रान माजलेलं. अशाच एका वाडीत पाणी प्यायला थांबलो असताना गटातले एक गृहस्थ आनंदाने म्हणाले, “किती शांत! कुणीच नाही इथे!”

मला ते लागलं. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. गाइड काही बोलली नाही. पुढच्या वळणावर युद्धात मेलेल्यांच्या नावांची पाटी होती, तिच्यासमोर तिने आम्हाला उभं केलं. एकच आडनाव पुन्हा पुन्हा. या डोंगरातल्या मुलांची पर्वतदळाची ‘कुनेएन्से’ डिव्हिजन होती. जानेवारी 1943 मध्ये रशियातल्या माघारीत ती जवळजवळ पूर्ण संपली. जे उरले त्यांना पुढच्या वीस वर्षांत तुरिनच्या फियाट कारखान्याने खाली ओढून घेतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्वात हजारावर माणसं होती. आता शंभरही नाहीत. त्या शांततेला असा हिशेब आहे.

एल्वा 1,600 मीटरच्या वर आहे. हिवाळ्यात बर्फाखाली शेत झाकलं की पुरुषांना काम नसायचं, आणि घरात एक तोंड कमी झालं तरी धान्य पुरायचं. म्हणून दरवर्षी थंडीत ते बाहेर पडत. याच खोऱ्यातल्या चेल्ले दी माक्राचे लोक खारवलेली अँचोवी, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी, हातगाडीवर घालून उत्तर इटलीभर विकत. एल्वाचे लोक केस विकत घेत. पिएमाँते, लोम्बार्दी, पार व्हेनेतोपर्यंत गावोगाव फिरायचं, गरीब घरातल्या बायकांना पैसे किंवा कापड द्यायचं, वेणी कापून घ्यायची, पोतं भरून वसंतात परतायचं. मग गावातल्या बायका ते केस धुवून, लोखंडी दातांच्या फणीवर विंचरून, लांबीप्रमाणे, रंगाप्रमाणे लावत. तिथून ते पॅरिस, लंडन, अमेरिकेतल्या टोप बनवणाऱ्यांकडे जात.

संग्रहालयात एका वेणीपुढे ताई थांबली. तपकिरी, जाड, वर दोऱ्याने बांधलेली. गाइड सांगत होती की अख्खी वेणी कापून द्यायला सगळ्याच बायका तयार नसत, तर फणीत अडकलेले केसही घेतले जात. बायका ते गोळा करून ठेवत.

ताई माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, केसावर भांडीऽऽ!”

आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. आजी रोज दुपारी माजघरात केस विंचरायची, गळालेल्या केसांचा बोटावर गुंडाळून गोळा करायची आणि पडवीच्या वाशामागे खोचून ठेवायची. वर्षातून एक-दोनदा डोक्यावर पाटी घेऊन बाई यायची. केसांच्या मोबदल्यात सुया, सेफ्टीपिना, आणि गोळा मोठा असला तर अॅल्युमिनिअमची छोटी वाटी. आजी त्या बाईला कधी उपाशी जाऊ द्यायची नाही. पण ते केस पुढे कुठे जातात हे तिने विचारलेलं मला आठवत नाही, आणि आम्ही पोरींनीही विचारलं नाही.

ताईने हे मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत गाइडला सांगितलं. वाशामागे खोचायची खूण केल्यावर गाइड एकदम थांबली. मग म्हणाली, “माझे पणजोबा केसवाले होते. घरात कुणी बोलायचं नाही त्याबद्दल. बायकांची गरिबी विकत घेणारी माणसं, असं लोक म्हणायचे. त्यांनी मात्र स्वतःची पोरं जगवण्यासाठी ते केलं.” तोवर ती गाइडच्या आवाजात बोलत होती. यानंतर ती आणि ताई बाकावर बसून बोलत राहिल्या. ताईने तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो आणि ते जगभर टोपांसाठी जातात हेही सांगितलं. बाकीचा गट केव्हाच बाहेर पडला होता.

त्यामुळे चर्चला वेळ कमी मिळाला, याची मला अजून चुटपुट आहे. एल्वाच्या लहानशा चर्चच्या वेदीमागे हान्स क्लेमर या उत्तरेकडून आलेल्या चित्रकाराने 1500 च्या आसपास रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. ख्रिस्ताच्या क्रूसाखालची ती गर्दी, घोडे, भाले, रडणाऱ्या बायका. एवढ्या उंचावर, एवढ्या गरीब गावात हे कुणी मागवलं असेल? पुढच्या मुक्कामी जेवण वेळेवर हवं म्हणून घाई करणं मला मान्य नाही. जेवण थांबतं.

पुढे उस्सोलो, मग रोक्का प्रोव्हेन्झालेच्या सुळक्याखालचं क्याप्पेरा, बर्फ वितळत असल्याने भरून कोसळणारा स्त्रोप्पियाचा धबधबा, मग मार्मोरा. सगळं सुंदर. एक दिवस पूर्ण पावसात गेला.

जेवणाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण ताई शाकाहारी आहे आणि आम्ही थेपले, लाडू, मेतकूट असं बरंच काही बांधून नेलं होतं. त्यातलं अर्धं परत आणलं. एका मुक्कामाच्या घरातल्या बाईंनी तिच्यासाठी राविओल केले: उकडलेला बटाटा, चीज आणि पीठ एकत्र मळून बोटाएवढे, दोन्ही टोकांना निमुळते वळायचे, उकळून वर परतलेलं लोणी ओतायचं. ताईने दुसऱ्यांदा मागून घेतले. त्या बाई गाइडशी ऑक्सितान भाषेत, म्हणजे या खोऱ्यातल्या मूळ बोलीत, बोलत होत्या. इटलीच्या सरकारने 1999 मध्ये कायदा करून या भाषेला मान्यता दिली, तोवर ती बोलणारी बहुतेक घरं रिकामी झाली होती. त्या बाईंची मुलं खाली कुनेओला असतात, ऑगस्टमध्ये वर येतात. ताईने विचारलं, “आणि थंडीत?” बाईंनी स्वतःकडे बोट दाखवलं.

आमच्या राजापूरच्या घराला गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूप असतं. तिथेही हल्ली कुणी पर्यटक आवाराबाहेर उभं राहून म्हणत असेल, किती शांत.

तुम्हाला जायचं असेल तर जून-जुलैत जा आणि मुक्काम गावातल्या घरांतच करा. ही घरं चालली तरच खाली गेलेल्या एखाद्या मुलाला परत यायला कारण मिळेल. बुकिंग करताना गाइड कुठल्या गावचा किंवा कुठल्या गावची आहे हे आधी विचारा. आमच्या गटात खालच्या शहरातून दोन दिवसांसाठी बदली गाइड म्हणून आलेला एक मुलगा होता, वाट त्याला पाठ होती, पण कोसळलेल्या घरांत कोण राहायचं हे त्याला एकाही ठिकाणी सांगता आलं नाही. उत्साही होता, चांगला होता. तरी ते दोन दिवस मी पैसे देऊन नुसती चालले असं मला वाटतं, आणि चालायला मला सह्याद्री आहे.