वर बघितलंच नाही

मे महिन्यात आमच्या धंद्यात दोनच तक्रारींचे फोन येतात. ‘मोगऱ्याला कळ्या नाहीत’ आणि ‘जास्वंदीवर पांढरं काहीतरी पडलंय’. कोथरूडच्या काकूंचा दुसरा.

पहिला त्यांच्याकडून यायचाच नाही. त्यांचा मोगरा माझ्या हातचा आहे. जानेवारीत पाणी तोडून ताण द्यायचा, छाटायचा, उरलेली पानंसुद्धा खुडायची, मग शेणखत घालून भरपूर पाणी सोडायचं. उघडं झाड लोकांना बघवत नाही, ‘मारलंस का रे?’ म्हणतात आणि एप्रिलमध्ये गजऱ्याचे फोटो पाठवतात. मे फ्लॉवरची गत त्याहून वाईट. हिवाळ्यात पानं झडून कुंडी रिकामी दिसते, की कुणीतरी कंद उपटून टोमॅटो लावतं. काकूंनी ती कुंडी राखली होती. फुलांचा लाल चेंडू नुकता फुटला होता.

जास्वंदीवर मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. शेंडे आखडलेले, पानं चिकट, खोडावर मुंग्यांची रांग. मुंग्या त्या गोड चिकट्यासाठी मिलीबग राखतात, गुराख्यासारख्या. यावर उपाय मला पाठ आहे: शेंडे कापून पिशवीत बंद करायचे, पाण्याचा जोरदार फवारा, ऊन उतरल्यावर निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी, दर आठवड्याला, तीनदा. पण त्या दिवशी अजून चार बागा बाकी होत्या. आणि काकू म्हणाल्या, “अरे, तुझं ते साबणपाणी पुरे झालं. एकदाच काय ते जालीम मार.”

इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बाटली गाडीत होतीच. युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्यावर वापरायला ज्याला बंदी घातली, ते आपल्याकडे दुकानात कुणी काही न विचारता देतं. हे सगळं ठाऊक असून मी दोन लिटरचा पंप भरला.

अर्धं झाड झालं आणि डोक्यावर ‘च्विट्, च्विट्’ सुरू झालं. कपडे वाळत घालायच्या तारेवर जळमटात अडकलेला कचरा लोंबत होता, निदान आल्यापासून मी त्याला कचराच समजत होतो. त्याला बाजूने भोक होतं, भोकावर इवलासा छज्जा. सुकी पानं, सालीचे तुकडे, सुरवंटाची लेंडी, सगळं कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं. भोकातून दोन चोची. शिंजीराची, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या पक्ष्याची मादी तोंडात कोळी धरून कुंपणावर थांबली होती, मी हटायची वाट बघत.

पंप ठेवला. पण हे आंतरप्रवाही औषध, पानातून रसात शिरतं आणि फुलांतल्या मधातही उतरतं. पाण्याने धुऊन काय निघणार? तरी धुतलं. मग उमललेली फुलं खुडली, कळ्या खुडल्या. काकू बघत होत्या. “पूजेचं एक तरी ठेव रे.” ठेवलं नाही. मिलीबग खायला आलेल्या ढालकिड्यांचं काय झालं, ते मी बघितलंही नाही.

पुढचे तीन दिवस संध्याकाळी जाऊन नव्या कळ्या काढल्या. चौथ्या दिवशी घरटं रिकामं. फाटलेलं नाही, खाली पिल्लू पडलेलं नाही. अंड्यातून निघाल्यावर अडीच आठवड्यांच्या आत ही पिल्लं उडतात आणि मला चोची दिसल्या तेव्हा त्यांना पंख फुटलेले असावेत. हिशेब जुळतो. पण कावळ्याने, मांजराने किंवा मुंगसाने ओढून नेलं तरी खाली काही राहत नाही, तोही हिशेब जुळतो.

“उडाली रे,” काकू म्हणाल्या.
“तुम्ही पाहिलीत?”
“नाही. पण उडालीच असतील.”

जास्वंदीवरचा मिलीबग गेला, झाड तजेलदार आहे. कळ्या मी अजून खुडतोय, जून संपेपर्यंत तरी. काकू चिडल्यात. कपडे मात्र त्या तारेच्या एका टोकालाच वाळत घालतात.