नव्या फोनचे ब्लूटूथ पेअरिंग: दोन आठवड्यांची नोंदवही

दिवस १

जुन्या फोनमधील अ‍ॅप्स, संदेश आणि छायाचित्रे तासाभरात नव्या फोनवर आली. ब्लूटूथची मात्र एकही जोडणी आली नाही. हे अपेक्षितच होते. पेअरिंगच्या वेळी दोन उपकरणे मिळून १२८ बिटांची एक लिंक-की तयार करतात आणि प्रत्येक उपकरण ती समोरच्याच्या पत्त्यासह आपल्याकडे जपून ठेवते. नव्या फोनचा ब्लूटूथ पत्ता वेगळा असल्यामुळे जुन्या सोबत्यांच्या दृष्टीने तो पूर्णपणे परका असतो. माझ्याकडे असे सहा सोबती आहेत: इअरबड्स, कारमधील स्टिरिओ, तीन यंत्रांशी जोडता येणारा कीबोर्ड, मनगटावरचा फिटनेस बँड आणि छंदाच्या टेबलावरील एचसी-०५ व एचएम-१० ही दोन ब्लूटूथ मॉड्यूल (सर्किटमध्ये जोडायचे छोटे तयार भाग). एका संध्याकाळी सगळे उरकेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी एकच उपकरण विनातक्रार जोडले गेले, आणि ते होते सर्वांत जुन्या वळणाचे एचसी-०५.

त्याचे कारण समजण्यासारखे आहे. हे मॉड्यूल ब्लूटूथ २.० च्या काळातील असल्यामुळे त्याला २.१ मध्ये आलेली सुलभ पेअरिंगची पद्धत ठाऊकच नाही; फोन पिन विचारतो, आपण १२३४ देतो आणि काम होते. मात्र नवख्या मंडळींची येथे हमखास फसगत होते. सेटिंग्जमध्ये मॉड्यूल पेअर झालेले दिसते, तरी त्यावरील दिवा भराभर लुकलुकतच राहतो आणि सेटिंग्जमधून जोडण्याचा प्रयत्न केल्यास फोन नकार देतो. हा बिघाड नव्हे. प्रोफाइल म्हणजे एकेका कामासाठी ठरलेली ब्लूटूथची बोली. या मॉड्यूलकडे केवळ सिरीयल पोर्ट प्रोफाइल आहे आणि त्या प्रोफाइलवरची वाहिनी सेटिंग्ज उघडत नाहीत, ती एखाद्या सिरीयल टर्मिनल अ‍ॅपने उघडावी लागते. अ‍ॅपने ती उघडली की दिव्याची लुकलुक लगेच संथ होते. पेअर होणे म्हणजे ओळख पटणे आणि कनेक्ट होणे म्हणजे बोलणे सुरू होणे, हा फरक मला याच मॉड्यूलने काही वर्षांपूर्वी शिकवला होता.

एचएम-१० ची तऱ्हा उलटी. ते केवळ बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी, म्हणजे कमी ऊर्जेवर चालणारा ब्लूटूथचा वेगळा प्रकार) जाणते, त्यामुळे त्याला सेटिंग्जमधून पेअर करण्याची गरजच नसते. थेट अ‍ॅपमधून शोधावे आणि जोडावे. ते पाच मिनिटांचे काम मी दुसऱ्या दिवशी सकाळी केले.

दिवस २

इअरबड्स शोधयादीत येईनात. फोन जवळ नेला, बंद करून पुन्हा चालू केला, डबी दहा वेळा उघडली आणि मिटली. शेवटी शेजारच्या खोलीतील टॅबलेटवर नजर गेली, तर इअरबड्स तिथे सुखाने जोडलेले होते! डबीतून बाहेर पडताच ते आधी ओळखीच्या उपकरणाला हाक मारतात, आणि ते सापडले की अनोळखी उपकरणांना आपले अस्तित्व कळवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ओळखीच्याने जोडता येणे आणि अनोळखी व्यक्तीला दिसणे या ब्लूटूथमधील दोन स्वतंत्र अवस्था आहेत. केवळ उपकरण चालू आहे म्हणून ते दिसेलच असे नाही. टॅबलेट आणि जुना फोन या दोन्हींचे ब्लूटूथ बंद केले, डबीवरील बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरले, आणि काही सेकंदांत इअरबड्स यादीत आले.

आले ते दोनदा. एकाच नावाच्या दोन नोंदी होत्या आणि त्यांपैकी एकीच्या आधी एलई ही अक्षरे होती. घाईत मी तीच निवडली. पेअरिंग झाले, पण आवाज येईना, कारण ती नोंद इअरबड्सच्या बीएलई बाजूची होती, जिचा उपयोग उत्पादकाचे अ‍ॅप बॅटरी आणि सेटिंग्ज वाचण्यासाठी करते. माझ्या या संचात संगीत क्लासिक ब्लूटूथच्या ए-टू-डी-पी प्रोफाइलवरूनच वाहते. (ब्लूटूथ ५.२ पासूनच्या एलई ऑडिओमध्ये बीएलईवरूनही ध्वनी जातो. माझे इअरबड्स त्या पिढीचे नाहीत.) म्हणून ती नोंद ‘विसरा’ म्हणून काढली आणि दुसरी निवडली. आवाज आला, आणि मी समाधानाने झोपलो.

दिवस ४

मधल्या दिवशी एका अ‍ॅपच्या तक्रारीमुळे मी फोनच्या नेटवर्क सेटिंग्ज रीसेट केल्या आणि त्याबरोबर ब्लूटूथच्या जोडण्याही पुसल्या गेल्या. आज इअरबड्स डबीतून काढले की फोनशी क्षणभर संपर्क होई आणि लगेच तुटे. हे चार-पाच वेळा घडल्यावर अंदाज बांधणे थांबवले आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले: अँड्रॉइडमधील बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडले, ब्लूटूथचा एचसीआय स्नूप लॉग (फोनची यंत्रणा आणि ब्लूटूथ चिप यांच्यातील संवादाची नोंद) सुरू केला, आणि ब्लूटूथ एकदा बंद करून पुन्हा चालू केले, कारण त्याशिवाय लॉग लिहिला जात नाही. नंतर बग अहवाल काढून त्यातील फाईल संगणकावर वायरशार्क या संदेश वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली.

फाईलमधील गोष्ट अगदी सरळ होती. संपर्क इअरबड्सनी सुरू केला. फोनच्या ब्लूटूथ चिपने यंत्रणेकडे या पत्त्याची लिंक-की मागितली. यंत्रणेने ती नसल्याचे सांगितले. आणि पुढच्याच क्षणी इअरबड्सनी संपर्क तोडला. म्हणजे फोन त्यांना विसरला होता, पण ते फोनला विसरले नव्हते. जुन्या ओळखीच्या भरवशावर आलेल्या पाहुण्याला दारात ‘आपण कोण?’ असे विचारावे, तसा हा प्रकार. विसरणे एकतर्फी झाले की ब्लूटूथ अडते, आणि गेल्या काही वर्षांत मी सोडवलेल्या बहुतेक तक्रारींच्या तळाशी हेच निघाले आहे.

उपाय म्हणून बटण बराच वेळ दाबून इअरबड्सची संपूर्ण स्मृती पुसली आणि फोनशी नव्याने पेअरिंग केले. फोनचा प्रश्न सुटला. रात्री टॅबलेटवर चित्रपट लावला तर इअरबड्स जोडले जाईनात. अर्थातच! आता टॅबलेटकडे की होती आणि इअरबड्सकडे नव्हती. तिथलीही नोंद काढून पुन्हा पेअर केले. इअरबड्ससारखे उपकरण रीसेट करताना त्याच्याशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रावरील नोंद काढावी लागते, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी ते विसरलो, एवढेच येथे नमूद करतो.

दिवस ५

फिटनेस बँडसाठी विशेष लिहिण्यासारखे नाही. बँड जुन्या फोनच्या अ‍ॅपशी जोडलेला होता, तो फोन खणात चालूच पडलेला होता, आणि असा बँड एका फोनशी जोडलेला असताना सहसा आपली ‘जाहिरात’ (मी येथे आहे असे सांगणारा संदेश) प्रसारित करत नाही, त्यामुळे नव्या फोनला तो दिसणे शक्यच नव्हते. जुन्या अ‍ॅपमधून बँड काढून टाकल्यावर नव्या फोनवरील अ‍ॅपमध्ये तो सापडला, तोही ‘जवळपासची डिव्हाइस’ ही परवानगी दिल्यानंतरच. ही परवानगी अँड्रॉइड १२ पासून आहे. त्याआधी, अँड्रॉइड ६ पासून, बीएलई शोधासाठी स्थानाची परवानगी लागत असे, आणि ती नाकारली की कोणतीही तक्रार न करता यादी रिकामी राही.

दिवस ७

कीबोर्डने दोन संध्याकाळी घेतल्या. पहिली संध्याकाळ माझ्या आळसामुळे गेली. पेअरिंग सुरू होताच फोनच्या पडद्यावर सहा अंक येतात आणि ते कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचे असते. पडद्याकडे न पाहता मी स्वस्थ बसलो होतो, आणि बीएलईच्या पेअरिंगमध्ये पुढचा संदेश ३० सेकंदांत आला नाही तर प्रक्रिया रद्द होते. कीबोर्डला स्वतःचा पडदा नसल्यामुळे अंक फोनवर दिसतात आणि टाइप मात्र कीबोर्डवर करायचे असतात. इअरबड्सकडे पडदाही नाही आणि कळाही नाहीत, म्हणून तिथे अंक विचारलेच जात नाहीत. कोणत्या पद्धतीने पेअरिंग होणार हे दोन्ही उपकरणे आपापल्या क्षमता एकमेकांना सांगून ठरवतात. त्यामुळे पडद्यावर काय दिसेल याची अटकळ उपकरणाकडे पाहूनच बांधता येते.

दुसरी संध्याकाळ अडखळण्यात गेली. पेअरिंग झाले होते, पण अक्षरे उशिरा उमटत, मधूनच एखादे गळे किंवा तेच अक्षर दहादा उमटे. बॅटरी बदलली, पुन्हा पेअर केले, फरक शून्य. शेवटी दोष निघाला टेबलाच्या मांडणीत: फोन ज्या स्टँडवर उभा होता, त्याला चिकटूनच यूएसबी ३.० ची बाह्य हार्ड डिस्क होती आणि त्या वेळी तिच्यावर बॅकअप चालू होता. यूएसबी ३.० च्या जोडण्यांतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युतचुंबकीय गोंगाट सांडतो, याविषयी इंटेलने २०१२ मध्येच सविस्तर टिपण प्रसिद्ध केलेले आहे. बीएलईच्या ४० वाहिन्या याच पट्ट्यात असतात. ब्लूटूथ वाहिन्या बदलत राहून एखाद्या अरुंद अडथळ्याला बगल देऊ शकते, परंतु संपूर्ण पट्टाभर पसरलेल्या गोंगाटापुढे त्या उड्यांचा उपयोग होत नाही. डिस्क दीड हात दूर ठेवली आणि टायपिंग सुरळीत झाले.

दिवस १०

आता कार. स्टिरिओशी पेअरिंग पहिल्या प्रयत्नात झाले, दोन्ही पडद्यांवर तेच सहा अंक आले, मी होकार दिला, संगीत वाजू लागले. संपर्कयादी मात्र रिकामी. संपर्क पोहोचवणारे पीबीएपी हे वेगळे प्रोफाइल आहे आणि त्यासाठी फोन स्वतंत्र परवानगी विचारतो. ती सूचना माझ्या नजरेतून निसटली होती. फोनवरील ब्लूटूथच्या यादीत स्टिरिओच्या नावापुढील चिन्ह दाबून संपर्कांची परवानगी देता आली असती. ते न करता मी उत्साहाच्या भरात स्टिरिओची संपूर्ण यादी पुसली आणि फोनवरून पुन्हा जोडू पाहिले. फोन नुसताच जोडता न आल्याचे सांगू लागला. लॉगमध्ये ऑथेंटिकेशनचा, म्हणजे ओळख पडताळणीचा, निकाल ०६ या कोडसह आला होता, ज्याचा अर्थ समोरच्याकडे पिन किंवा की नाही. चौथ्या दिवशीचीच गोष्ट, फक्त भूमिका उलट. फोनवरील नोंद काढली, नव्याने पेअर केले, आणि या वेळी प्रत्येक सूचना वाचून मगच उत्तर दिले.

हे कोड लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ०४ आला तर समोरच्या उपकरणाने हाकेला ओ दिलेली नाही, म्हणजे ते बंद आहे, दूर आहे किंवा दुसऱ्या कुणाशी बोलत आहे. ०८ म्हणजे चालू संपर्क रेडिओ पातळीवर हरवला. तेव्हा अंतर, बॅटरी आणि आसपासचा गोंगाट पाहावा. १३ म्हणजे समोरच्याने स्वतःहून निरोप घेतला. फोनच्या पडद्यावर या चारांसाठी जवळपास एकच मोघम वाक्य येते, आणि म्हणून लोक ०४ साठी रीसेट करत बसतात व ०६ साठी फोन जवळ नेत राहतात.

दिवस १४

स्टिरिओच्या पडद्यावर गाणे बदलले तरी शीर्षक आधीच्याच गाण्याचे राहते, ही शेवटची तक्रार उरली होती. शीर्षके आणि पुढे-मागे नेण्याच्या आज्ञा एव्हीआरसीपी या प्रोफाइलवरून जातात आणि डेव्हलपर पर्यायांमध्ये त्याची आवृत्ती निवडता येते. मूळ निवड १.५ असते. ती १.४ केली, पण काहीच बदलले नाही. स्टिरिओने फोनची जुनी माहिती साठवून ठेवली असावी अशा समजुतीने दोन्हीकडील नोंदी काढून पुन्हा पेअर केले, आणि शीर्षके वेळेवर बदलू लागली. मग मोह आवरला नाही म्हणून १.६ करून पाहिले, कारण अल्बमचे मुखपृष्ठ त्या आवृत्तीपासून पाठवता येते. मुखपृष्ठ आले, पण शीर्षक पुन्हा एक गाणे मागे पडले. तूर्त १.४ वर परतलो आहे. मुखपृष्ठाविना गाणी ऐकू येतात. स्टिरिओच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की १.६ पुन्हा तपासेन, आणि त्या वेळी दोन्हीकडील नोंदी आधीच काढून ठेवेन.